‘त्यांच्या’ भांडणात आपण कुठे?

(अभ्यासलेख : छोट्या ख्रिस्ती समूहांच्या सभेत वाचून चर्चा करण्यासाठी)



मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आपण पाच-दहा मिनिटे एकमेकांशी बोलत उभे असतो. ती वेळ आम्हांला फार मोलाची वाटते. घरातली दुखणी, मुलांच्या परीक्षा, उसाची तोड, पाण्याची पाळी, सगळे तिथेच कळते. अशाच एका रविवारी एका ज्येष्ठ भाविकाने आम्हांला विचारले, “फादर, हिंदू-मुसलमानांचे जे चालले आहे त्यात आपण कशाला बोलायचे? ते दोघे मोठे, आपण मूठभर. गप्प बसलेले बरे.” शेजारी उभा असलेला कॉलेजचा एक मुलगा लगेच म्हणाला, “आणि बोलायचेच झाले तर कोणाच्या बाजूने?”

त्यानंतर काही दिवसांनी आपल्याच धर्मग्रामातील एक बहीण आमच्याकडे आल्या. त्यांच्या घराला लागून भाड्याच्या दोन खोल्या आहेत. एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मुस्लिम जोडप्याने खोली मागितली होती, आणि आजूबाजूच्यांनी “त्यांना देऊ नका” म्हणून सांगितले होते. “फादर, मी काय करू?” असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, “तुमच्या सोयीने पाहा.” हे उत्तर बरोबर नव्हते, हे आम्हांला त्याच रात्री जाणवले. पण तोवर ते जोडपे दुसरीकडे गेले होते.

या तीन प्रश्नांवर आपण मिळून विचार करावा म्हणून हा लेख लिहीत आहोत. विषय थोडा मोठा आहे. एकाच बैठकीत संपला नाही तर दोन आठवड्यांत वाचावा.

१. यवत : आपल्याच वाटेवरचे गाव

पुण्याला जाताना आपली एसटी ज्या यवतवरून जाते, त्या दौंड तालुक्यातील गावात २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काय घडले ते आपणांस आठवत असेल. २६ जुलै रोजी तेथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली. गावात संताप होता, आणि तो समजण्यासारखा होता. पुढे १ ऑगस्टला एका तरुणाने समाजमाध्यमावर टाकलेल्या मजकुरावरून जमाव रस्त्यावर आला. दगडफेक झाली, वाहने पेटवण्यात आली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला आणि जमावबंदी जारी करावी लागली.

यवत हे संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. पालखी यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करीत बारामतीला येते आणि पुढे सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते. म्हणजे ही घटना कुठे तरी लांब घडलेली नाही. ज्या वाटेवर दरवर्षी आपण वारकऱ्यांना पाणी देतो, त्याच वाटेवरची ती आहे.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. ज्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला त्याच्यावर कायद्याने कारवाई व्हावी, यात दुमत नाही. पुतळ्याची विटंबना करणाऱ्याला शिक्षा व्हावी, यातही नाही. पण ज्याचे वाहन जळाले, ज्याच्या घरावर दगड पडले, त्याने काय केले होते? एकाच्या कृत्याचा हिशेब त्याच्या नावाच्या, त्याच्या धर्माच्या सगळ्यांकडून चुकता करायचा, ही जमावाची रीत आहे. महाराष्ट्राने ती अनेकदा पाहिली आहे. १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली, तेव्हा पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांत ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. त्या कुटुंबांचा हत्येशी काही संबंध नव्हता. २ जून २०१४ रोजी हडपसरला एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने मारून टाकले. फेसबुकवर कोणी तरी आक्षेपार्ह चित्रे टाकली होती. ती या तरुणाने टाकली नव्हती. तो मुसलमान दिसला, एवढेच कारण झाले.

आणि आपण ख्रिस्ती लोकांनी तरी ओडिशातील कंधमाल विसरू नये. २३ ऑगस्ट २००८ रोजी स्वामी लक्ष्मणानंद यांची हत्या झाली, आणि त्याचा राग गावोगावच्या ख्रिस्ती वस्त्यांवर निघाला. घरे जळाली, माणसे रानात पळाली. तेथेही हिशेब असाच मांडला गेला होता. जी रीत आज शेजाऱ्याला लागू होते, ती उद्या आपल्याला लागू होणार नाही असे कोणी सांगावे?

२. इंदापूरची आठवण

मग असे विचारले जाते की, हिंदू-मुसलमानांचे वैर पूर्वापारच आहे, त्याला आपण काय करणार? याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. इंदापूरला जावे.

शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार होते. ते इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची छत्री तेथे आहे. परंपरा असे सांगते की, मालोजीराजांना मूल होत नव्हते, म्हणून त्यांनी अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला. पुढे दोन मुलगे झाले. पिराच्या नावावरून एकाचे नाव शहाजी ठेवले आणि दुसऱ्याचे शरीफजी. तेच शहाजी म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील. आज इंदापूर तालुक्यात नीरा-भीमा सहकारी साखर कारखाना ज्या ठिकाणी आहे त्याला आपण शहाजीनगर म्हणतो. ते नाव आपण रोज घेतो, पण त्याच्यामागे एका पिराचे नाव आहे हे किती जणांच्या ध्यानात असते?

मालोजीराजांचा संबंध श्रीगोंद्याच्या शेख महंमद यांच्याशीही सांगितला जातो. हे शेख महंमद जन्माने मुसलमान. त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, आणि मराठी संतांच्या मांदियाळीत त्यांना जागा मिळाली. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूतून निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. ही प्रथा आजही चालू आहे.

याचा अर्थ त्या काळी सगळे गोडीगुलाबीचे होते, असा कोणी घेऊ नये. त्या काळी देवळे फोडली गेली, जुलूम झाले, लढाया झाल्या. ते झाकून ठेवणे हा खोटेपणा होईल. पण मालोजीराजे ज्या काळात लढले तेव्हा निजामशाही आणि आदिलशाही या दोन्ही मुसलमान राज्यांत मराठे सरदार होते. माणसे मुख्यतः आपल्या राज्यासाठी, वतनासाठी, स्वामीसाठी लढत. ‘हिंदू राष्ट्र’ किंवा ‘मुस्लिम राष्ट्र’ अशी ओळख घेऊन कोणी उभे नव्हते, कारण ‘राष्ट्र’ या शब्दाचा आजचा अर्थच तेव्हा नव्हता. गावात मुलाणी होता, तांबोळी होता, अत्तार होता, मणेर होता. त्यांचे आडनाव धंद्यावरून पडले, आणि बोली मराठीच होती.

३. ओळख कशी बदलत गेली

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ यांचे १८८२ मधील एक व्याख्यान अभ्यासाला होते. राष्ट्र म्हणजे काय, हा त्याचा विषय. वंश, भाषा, धर्म, भूगोल यांपैकी एकट्या कशानेही राष्ट्र होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांच्या समाईक आठवणी आणि एकत्र राहण्याची रोज नव्याने दिलेली संमती यांनी राष्ट्र होते. आम्हांला ते तेव्हा पुस्तकी वाटले. पुण्याचा इतिहास वाचल्यावर मात्र त्याचा अर्थ कळला.

पुण्यात एकोणिसाव्या शतकात मोहरमच्या ताबुतांच्या मिरवणुकीत हिंदूही मोठ्या संख्येने सामील होत असत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोठी दंगल झाली. त्याच सुमारास लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, आणि १८९४ मध्ये तो पुण्यात मोठ्या प्रमाणावर झाला. त्या वर्षी हिंदूंनी मोहरमपासून दूर राहावे असा प्रचारही झाला. एक-दोन वर्षांत एक जुना समाईक सण दोन बाजूंना गेला. माणसे तीच, पेठा त्याच, पण ‘आम्ही’ या शब्दाचा अर्थ बदलला.

पण गोष्ट इथे संपत नाही. तेच लोकमान्य टिळक डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातील करारासाठी उभे राहिले. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाची कारवाई झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू महंमद अली जीना यांनी मांडली आणि ते प्रकरण जिंकले. म्हणजे १८९४ चे टिळक आणि १९१६ चे टिळक यांत अंतर आहे. आणि १९१६ चे जीना व १९४० चे जीना यांत तर त्याहून मोठे अंतर आहे.

दरम्यान १९०९ मध्ये इंग्रज सरकारने मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ दिले होते. मुसलमानाने मुसलमानालाच मत द्यायचे. यामुळे शेजाऱ्याचे मत मागायची गरज उरली नाही. जो उमेदवार आपल्याच लोकांपुढे उभा राहतो, त्याला दुसऱ्यांविषयी कडू बोलणे स्वस्त पडते. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदुत्व’ या पुस्तकात सावरकरांनी अशी व्याख्या केली की, ज्याची पितृभूमी आणि पुण्यभूमी दोन्ही भारत, तो हिंदू. या व्याख्येने शीख, जैन, बौद्ध आत आले. मुसलमान आणि ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले, कारण त्यांची तीर्थक्षेत्रे अन्यत्र. २३ मार्च १९४० रोजी लाहोरला मुस्लिम लीगने मुसलमानांच्या वेगळ्या राज्यांची मागणी केली. जीनांचे म्हणणे होते, आम्ही जमात नाही, वेगळे राष्ट्रच आहोत. दोन्ही विचार एकमेकांच्या विरोधात उभे होते. तरीही धर्मावरून राष्ट्राची हद्द आखायची, या बाबतीत ते जवळ आले. १९४७ मध्ये फाळणीची किंमत लाखो निरपराध कुटुंबांनी मोजली.

यातून आम्ही एवढेच घेतो की, ‘पूर्वापार वैर’ असे काही नसते. ओळख घडवली जाते, कधी भीतीने, कधी स्वार्थाने, कधी चांगल्या हेतूनेही. जे घडवले जाते ते पुन्हा वेगळे घडवताही येते.

४. घटनेने दिलेले उत्तर, आणि त्यात आपला वाटा

फाळणीच्या आगीत बसून आपल्या पुढाऱ्यांनी राज्यघटना लिहिली. पाकिस्तान धर्माच्या नावावर झाले होते, म्हणून भारतही तसाच करावा असे म्हणणारे होते. घटना समितीने तो मार्ग घेतला नाही. नागरिकत्वाला धर्माची अट ठेवली नाही. अनुच्छेद १४ ने कायद्यापुढे सगळे समान केले. अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले, आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून हा हक्क आहे.

येथे आपल्या ख्रिस्ती समाजाचा एक मोलाचा वाटा आहे. तो आपल्या मुलांना माहीत असायला हवा. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती होते, आणि अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे तेच अध्यक्ष होते. फादर जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरू समितीचे सभासद होते. १९३५ च्या कायद्याने भारतीय ख्रिस्ती लोकांनाही वेगळे मतदारसंघ मिळाले होते. ते आता गेले. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही सोडून देण्यात आल्या. मुखर्जी आणि ख्रिस्ती सभासदांनी त्याला पाठिंबा दिला. बेगम ऐजाज रसूल या मुस्लिम सभासद बाईंनीही राखीव जागांना विरोध केला. आपली सुरक्षितता वेगळ्या कुंपणात नसून शेजाऱ्याच्या सदिच्छेत आहे, या विश्वासावर त्यांनी ते पाऊल टाकले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे भाषण केले त्यात बंधुतेवर भर दिला होता. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता यांना खोली येणार नाही, हा त्यांच्या सांगण्याचा आशय. त्याआधी अनेक वर्षे ते एक फरक समजावून सांगत होते. बहुमत दोन प्रकारचे असते. एक राजकीय बहुमत. ते मतांनी तयार होते, पाच वर्षांनी बदलते, आज माझ्याविरुद्ध असले तरी उद्या मी त्यात सामील होऊ शकतो. दुसरे जमातीचे बहुमत. ते जन्माने ठरते, आणि त्यात शिरायला दार नसते. लोकशाही पहिल्या प्रकारच्या बहुमतावर चालते. दुसऱ्या प्रकारचे बहुमत पहिल्याच्या जागी जाऊन बसले, तर मतदान होत राहील, पण एका गटाचा पराभव कायमचा ठरलेला असेल.

बंधू-भगिनींनो, या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हिंदू सुमारे ७९.८ टक्के, मुसलमान ११.५ टक्के आणि आपण ख्रिस्ती ०.९६ टक्के. शंभरात एकही पुरता नाही. जन्मावर मोजायचे ठरले तर आपण मोजणीतच येत नाही. मतावर, विचारावर, नागरिक म्हणून मोजायचे ठरले तर आपण इतर कोणाइतकेच आहोत. म्हणून ‘हे राष्ट्र कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर काय ठरते, ते हिंदू-मुसलमानांपुरते राहत नाही. मुसलमानाच्या बाबतीत जे उत्तर ठरेल तेच आपल्याही बाबतीत ठरेल.

५. गेल्या चाळीस वर्षांत

घटनेने उत्तर दिले खरे, पण उत्तर एकदा लिहून भागत नाही. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आला. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे सांगितले. तो शब्द काढावा अशी मागणी करणाऱ्या याचिका न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या.

पण शब्द राहूनही व्यवहार बदलू शकतो. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो या वृद्ध घटस्फोटितेला पोटगी मंजूर केली. मुस्लिम पुढाऱ्यांच्या दबावाखाली सरकारने १९८६ मध्ये वेगळा कायदा केला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येतील वास्तूचे कुलूप उघडले गेले. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असा तोल साधण्याच्या नादात दोन्हीकडचा कडवेपणा वाढला. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईच्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली, आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७. अयोध्येचा निकाल ९ नोव्हेंबर २०१९ रोजी लागला, आणि २२ जानेवारी २०२४ रोजी तेथे मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली. आपल्या कितीतरी हिंदू शेजाऱ्यांनी त्या दिवशी मनापासून दिवे लावले. त्यांच्या भक्तीचा आपण आदरच केला पाहिजे. त्याच दिवशी काही मुस्लिम घरांत मुलांना बाहेर पाठवले नसेल, तर तीही भीती आपण समजून घेतली पाहिजे.

टीका एकाच बाजूवर करून भागणार नाही. मुस्लिम समाजातील अन्यायावर बोट ठेवणारे मराठी मुसलमानच होते. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला, आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांना आपल्या समाजात फार विरोध झाला. आपल्या घरातले दोष आपण सांगावेत, दुसऱ्याच्या घरातले दोष त्याच्या तोंडावर फेकू नयेत, हा धडा आपणही घ्यावा. आपल्या चर्चमध्ये जातीचा भेद अजून गेला आहे, असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

आता एक अवघड प्रश्न. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट सोपी करण्यात आली. या यादीत मुसलमान नाहीत. या देशांत छळ सोसलेल्या अल्पसंख्याकांसाठी हा कायदा आहे आणि त्याने कोणा भारतीयाचे नागरिकत्व जात नाही, असे सरकारचे म्हणणे आहे. ते म्हणणे आपण प्रामाणिकपणे ऐकून घ्यावे. छळ सोसलेल्याला आसरा मिळाला याचा आनंदही मानावा. पण नागरिकत्वाच्या कायद्यात धर्मांची यादी आली, हे तरी खरे ना? आपले नाव यादीत आहे म्हणून आपण निश्चिंत झालो, तर ज्या विश्वासावर मुखर्जी आणि फादर डिसोझा यांनी राखीव जागा सोडल्या त्या विश्वासाचे काय? यादीत नाव घालता येते तसे काढताही येते.

६. शांतता कशी टिकते

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. तेथे १९७० आणि १९८४ मध्ये भयंकर दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तेथे आले. त्यांनी वस्तीवस्तीत हिंदू आणि मुसलमान यांच्या मोहल्ला समित्या केल्या. माणसे नियमित भेटू लागली, नळाच्या भांडणापासून अफवेपर्यंत सगळे तिथेच बोलले जाऊ लागले. १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये भारतातील अनेक शहरांची तुलना करून दाखवले की, जिथे संघटना, संस्था, व्यापार यांत दोन्ही समाज एकत्र काम करतात, तिथे अफवा आली तरी दंगल होत नाही. नुसती तोंडओळख, सणाला शिरखुर्मा आणि फराळ एवढ्यावर मोठा ताण पेलवत नाही, विशेषतः शहरात. एकत्र अडकलेले हितसंबंध तो पेलतात.

आपल्या भागात हे एकत्र येणे पुष्कळ आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती कारखाना, यांचा सभासद ऊस घालतो म्हणून सभासद असतो. काटा वजन विचारतो, धर्म विचारत नाही. बाजार समितीत बागवान व्यापारी आणि माळी शेतकरी एकमेकांच्या शब्दावर माल देतात. दूध संघ, शाळा, बचत गट, सगळीकडे तेच. ‘त्यांच्याकडून काही घेऊ नका’ असा बहिष्काराचा संदेश फोनवर येतो तेव्हा तो नेमका हा धागा तोडायला आलेला असतो. तो पुढे पाठवणारा माणूस दगड उचलत नाही, पण दगड उचलणाऱ्याचा रस्ता मोकळा करतो.

७. ख्रिस्तसभा काय शिकवते

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा दस्तऐवज दिला. त्यात हिंदू धर्माविषयी आदराने लिहिले आहे, आणि मुसलमानांबरोबरच्या जुन्या भांडणांतून बाहेर पडून परस्परांना समजून घेण्याचे आवाहन आहे. क्रुसेडची लढाई चालू असताना, १२१९ मध्ये, संत फ्रान्सिस इजिप्तमध्ये दमिएत्ता येथे सुलतान अल-कामिल यांना निःशस्त्र भेटायला गेले होते. त्या भेटीला आठशे वर्षे झाली त्या वर्षी, ४ फेब्रुवारी २०१९ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबी येथे अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांच्यासह मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर सही केली.

पण या सगळ्याच्या आधी चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आहे. ती आपल्याला पाठ आहे, म्हणून तिची धार आपल्याला लागत नाही. रस्त्यात पडलेल्या माणसाला पाहून जे बाजूने निघून गेले, ते दुष्ट नव्हते. ते आपल्या कामात होते, आणि बहुधा त्यांनाही वाटले असेल की हे भांडण आपले नाही. ज्याने थांबून मदत केली तो मात्र त्या समाजाला परका होता.

तेव्हा त्या कॉलेजच्या मुलाला आमचे उत्तर असे : हिंदूंच्या बाजूने किंवा मुसलमानांच्या बाजूने असे नाही. ज्याच्यावर त्याने न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा येते, त्याच्या बाजूने. आज तो मुसलमान असेल, उद्या हिंदू असेल, परवा आपण असू. आणि त्या ज्येष्ठ भाविकांना : आपण मूठभर आहोत हे खरे. पण दोन्ही घरांत आपले येणे-जाणे आहे. आपल्या शाळा-दवाखान्यांत दोन्ही घरची मुले व माणसे येतात. मूठभर माणसाने ओरडू नये, पण साक्ष द्यायला हरकत नाही.

काही साध्या गोष्टी आपण ठरवू या. कोणत्याही धर्माची निंदा करणारा संदेश पुढे पाठवायचा नाही. खरा की खोटा हे ठाऊक नसेल तर अजिबात नाही. पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असते, तिला आपल्या धर्मग्रामातून दोन माणसे नियमित जातील. अफवा कानावर आली तर आधी त्याच वस्तीतील ओळखीच्या माणसाला फोन करायचा, आणि धोका दिसला तर ११२ ला. पालखीच्या पाण्याची सेवा करताना शेजारच्या मुस्लिम तरुणांनाही बरोबर घ्यायचे.

आणि खोलीचे? त्या बहिणींकडे आम्ही परत गेलो आणि म्हणालो, “आम्ही तुम्हांला चुकीचे उत्तर दिले. तुम्ही आमच्याकडे आधार मागायला आला होता आणि आम्ही तुम्हांला एकटे सोडले.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “फादर, पुन्हा कोणी आले आणि शेजारी बोलले, तर तुम्ही याल का माझ्या दारात उभे राहायला?” आम्ही हो म्हटले आहे. हा शब्द आम्ही येथे सर्वांसमक्ष लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या मुस्लिम किंवा हिंदू शेजाऱ्याविषयी मी घरात, मुलांसमोर, कसा बोलतो?
२. एकाच्या चुकीमुळे सगळ्या समाजाला दोष दिला, असे माझ्याकडून शेवटचे कधी झाले?
३. आपल्या वस्तीत वेगवेगळ्या धर्मांचे लोक कोणत्या कामात एकत्र असतात? ते काम टिकवायला आपला समूह काय करू शकेल?
४. आपली खोली, आपले दुकान, आपली नोकरी देताना मी कोणाला ‘नको’ म्हणतो, आणि का?

परमेश्वर आपल्याला चांगले शेजारी होण्याची कृपा देवो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू